सहा व्होल्टांचा उजेड

जुन्या मोटारसायकलीचा हेडलाइट मंद जळतो अशी कैफियत घेऊन येणाऱ्या बहुतेक गृहस्थांची समजूत अशी असते, की दोष दिव्यात आहे आणि म्हणून उपायही दिव्यातच असला पाहिजे. आणि ही समजूत इतकी स्वाभाविक आहे, की कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात वाहनांच्या विजेची दुरुस्ती करण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवल्यानंतरही तिच्याशी वाद घालताना मला दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागते. "मिस्त्री, मोठा बल्ब टाका" हा त्यांचा अर्ज असतो, आणि तो तत्काळ मंजूर करणारी दुकाने या शहरात पुष्कळ आहेत. मी मात्र तो सहसा नामंजूर करतो, आणि त्यामुळे काही गिऱ्हाइके गमावतो.

आमच्या जिल्ह्यात कालव्याच्या पाण्याशी ज्याचा संबंध आला आहे त्याला शेपटाकडच्या खातेदाराचे दुःख समजावून सांगावे लागत नाही. धरणातून पाणी पूर्ण सुटलेले असते, पाळीपत्रकात त्याचे नाव बिनचूक असते, पाणीपट्टीही तो इतरांइतकीच भरतो. पण वरच्या अंगाला पाट कुठे फुटलेला, कुठे गाळाने भरलेला, कुठे कोणी अपरात्री बारे धरलेले, आणि त्याच्या शेतापर्यंत जे पोहोचते त्याला पाणी म्हणणेही औदार्याचेच ठरावे. हेडलाइट हा मोटारसायकलीच्या विद्युत्‌-व्यवहारातला असा शेवटचा खातेदार आहे. त्याच्या दारात मोठी विहीर खणून दिली, तरी वरून येणारा पाट जोपर्यंत तपासला जात नाही तोपर्यंत ती विहीर कोरडीच राहणार.

हे सारे ज्या एका कामाच्या निमित्ताने मला सविस्तर सांगावेसे वाटते, ते काम महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे होते. त्यांना सारे गाव भाऊसाहेब म्हणते, मीही तसेच म्हणतो. त्यांची बुलेट 1971 ची, साडेतीनशे सी.सी.ची, वडिलांनी घेतलेली आणि आर.सी. बुकावर वारसाने त्यांच्याकडे आलेली. पहिल्याच भेटीत त्यांनी मला अट घातली, तीही कचेरीतला मसुदा वाचून दाखवावा अशा थाटात: "मिस्त्री, उजेड वाढला पाहिजे, पण गाडीचा चेहरा बदलता कामा नये. वडिलांना ती ओळखता आली पाहिजे." वडील वारून बरीच वर्षे झाली होती, परंतु अटीचा अर्थ मला स्वच्छ कळला.

त्या चेहऱ्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण बुलेटच्या बाबतीत चेहरा हा केवळ बोलण्याचा अलंकार नाही. इंग्लंडात रेडिच येथील मूळ कारखान्याने 1954 च्या सुमारास पुढच्या फोर्कच्या माथ्यावर एक ओतीव केसिंग बसवले, आणि त्याच्या पोटात हेडलाइट, स्पीडोमीटर व अँपमीटर अशी मंडळी एकत्र नांदू लागली. हेडलाइटच्या दोन्ही अंगांना वर दोन चिमुकले दिवे आले, ज्यांना आमच्या धंद्यात टायगर लॅम्प म्हणतात. पुढच्याच वर्षी मद्रासेत एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली, लष्कराने पसंत केलेली ही गाडी तिरुवोट्टियूरला जुळू लागली, आणि पुढे रेडिचचा कारखाना काळाच्या ओघात लयाला गेला तरी त्याने दिलेला चेहरा मद्रासेने दीर्घकाळ जपला. म्हणूनच त्या केसिंगच्या खाली लोखंडी पट्टीवर बाजारी दिवे लटकवलेली बुलेट दिसली, की मला नाटकातल्या राजाने हातात टॉर्च धरून दरबार भरवावा तसे वाटते.

भाऊसाहेबांना उजेड हवा होता तो हौसेखातर नव्हे. गगनबावड्याच्या रस्त्याला कळ्याच्या पलीकडे त्यांचा ऊस आहे, आणि शेतीपंपाला वीज काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री अशा पाळीने मिळत असल्यामुळे, ज्या वयात इतर निवृत्त लोक नऊच्या बातम्या ऐकून झोपतात त्या वयात त्यांना मध्यरात्री मोटर सुरू करायला जावे लागते. त्यातून गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे त्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून चाललेल्या असतात. ऊस ट्रॉलीच्या मागे हातभर बाहेर आलेला, मागचा दिवा असलाच तर पाचटाखाली झाकलेला, आणि कारखान्याने चिकटवलेला तांबडा रिफ्लेक्टर धुळीने माखलेला. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर पुढे सरकते. अडथळा दिसून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर पंचवीस मीटर रस्ता निव्वळ विचारात संपतो, आणि त्यानंतर जुन्या ड्रम ब्रेकने गाडी उभी राहायला आणखी तेवढाच किंवा त्याहून किंचित अधिक रस्ता लागतो. पन्नास मीटरांच्या पुढचे जर दिव्याला दाखवता येत नसेल, तर तो दिवा स्वाराला चालवत नाही, नुसता धीर देतो. आणि भाऊसाहेबांचा दिवा पन्नास मीटरांच्या निम्म्यालाही पुरत नव्हता.

गाडी उभी करून मी प्रथम मीटर हाती घेतला, बल्ब नव्हे. त्या काळच्या बुलेटची विद्युत्‌-व्यवस्था सहा व्होल्टांची, आणि बल्बवर छाप तीस व चोवीस वॅटांचा. दिवा लावलेल्या स्थितीत बॅटरीच्या टोकांवर 6.3 व्होल्ट दाखवले. बल्बच्या होल्डरपाशी तेच माप 5.2 भरले. एक व्होल्ट आणि वर थोडे, एवढेच काय ते वाटेत हरवले होते, आणि ऐकणाऱ्याला ही गळती क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु तंतूच्या दिव्याचा स्वभाव मोठा हट्टी असतो. विद्युद्दाब दहा टक्क्यांनी कमी झाला म्हणून त्याचा प्रकाश दहा टक्क्यांवर भागत नाही. तो दाबाच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास घटतो, आणि त्या हिशेबाने भाऊसाहेबांच्या बल्बला त्याच्या वाजवी प्रकाशापैकी कसाबसा अर्धा वाट्याला येत होता. सहा व्होल्टांची व्यवस्था दरिद्री असते ती येथे. पाच अँपिअरचा प्रवाह वाहत असताना साऱ्या वाटेवर मिळून पाव ओहमाहूनही कमी रोध साचला, तरी दिव्याचा अर्धा प्रकाश जप्त होतो.

हरवलेल्या व्होल्टाचा पंचनामा करायला बसले, की तार हातात धरून एकेक सांधा विचारत जावे लागते, आणि हा या कामातला माझ्या आवडीचा भाग आहे. सर्वांत मोठा गुन्हेगार अर्थिंग निघाला. जुन्या गाड्यांत दिव्यातून परतणाऱ्या प्रवाहाला स्वतंत्र तार बहुधा दिलेलीच नसे. तो केसिंगमधून फोर्कमध्ये, फोर्कमधून हॅण्डलच्या बेअरिंगमध्ये आणि तेथून चासीत उतरून बॅटरीकडे परतावा अशी अपेक्षा असे. कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीत ती पुरीही होत असेल. पण पन्नास वर्षांचे ग्रीस, गंज, आणि मध्यंतरी कोणीतरी हौसेने मारून घेतलेला जाड रंग यांतून वाट काढत येणाऱ्या त्या प्रवाहाची जवळजवळ अर्धा व्होल्टाची पुंजी त्या बेअरिंगच्या गोळ्यांतच खर्ची पडत होती. इतकेच नव्हे, तर हॅण्डल वळवले की माप हलत होते. म्हणजे वळणावर, जिथे उजेडाची गरज सर्वाधिक, तिथेच दिवा मिणमिणत होता. उरलेली गळती दिव्याच्या स्विचच्या काळवंडलेल्या पितळी पट्ट्यांत, अप्पर-डीपरच्या बटणात, आणि कोणी तरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेल्या दोन जोडांत सापडली.

होल्डरपासून थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत एक जाड तार ओढली, रंग खरवडून चकचकीत धातूवर लग आवळले, पिळलेले जोड उलगडून त्यांना डाग दिला, आणि स्विचमधून पाच अँपिअर नेण्याऐवजी स्विचने फक्त एक रिले ओढावा आणि दिव्याचा खरा प्रवाह बॅटरीतून फ्यूजमार्गे थेट जावा अशी तजवीज केली. रिले आणि फ्यूज सीटखाली, हत्यारांच्या पेटीमागे गेले. बाहेरून पाहणाऱ्याला गाडीत काही बदलले आहे याची खूणही दिसत नव्हती. बल्बपाशी आता सहा व्होल्ट भरले. बल्ब तोच होता, रिफ्लेक्टर तोच होता, आणि प्रकाश दीडपटीहून अधिक झाला होता. भाऊसाहेब ते पाहून काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, "म्हणजे एवढी वर्षं हा उजेड गाडीतच होता?" होता, असे मी म्हटले.

पुष्कळ गाड्यांचे काम मी येथेच थांबवतो, आणि ज्यांची गाडी रविवारी सकाळी रंकाळ्याला फेरी मारून घरी येते त्यांनी येथून पुढे जाऊ नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण भाऊसाहेबांचा रस्ता मध्यरात्रीचा. तीस वॅटांचा साधा बल्ब पूर्ण प्रकाशाने जळला, तरी उसाची ट्रॉली त्याला पन्नास मीटरांवर दिसेल असे मी शपथेवर सांगू शकलो नसतो.

म्हणून गाडी बारा व्होल्टांवर नेऊन दिवा बदलावा असे मी सुचवले, आणि येथे त्यांच्या कायदेशीर मनाने एक हरकत घेतली. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनाला 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो, मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले असता कामा नयेत. दिव्याने हा हक्क बुडणार का, असा त्यांचा सवाल होता. मी वकील नाही. पण तो मजकूर वाचून जेवढे समजले त्यावरून चासी, बॉडी व इंजिन यांना आपण हात लावत नाही एवढे मी सांगितले. अखेर त्या नियमातले दुसरे कलम त्यांनी स्वतःच शोधून काढले आणि वाद निकालात निघाला: अशा नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती यांखेरीज नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. "मग मोटर सुरू करायला काय बैलगाडीतनं जाऊ?" असे म्हणून त्यांनी व्हीए क्रमांकाचा विचार रद्दबातल केला आणि साध्या नोंदणीच्या नूतनीकरणावर समाधान मानले.

बारा व्होल्टांवर जायचे ठरले, तेव्हा एक गैरसमज मला आधीच दूर करावा लागला, कारण तो शिकल्या-सवरल्या लोकांतही पक्का बसलेला आहे. व्होल्ट दुप्पट केले म्हणजे शक्ती दुप्पट होत नाही. अल्टरनेटरच्या कॉइली निम्म्या छेदाच्या तारेने दुप्पट वेढे देऊन नव्याने भरल्या, तर त्याच लोहचुंबकाकडून त्याच वेगाला दुप्पट दाब व निम्मा प्रवाह मिळतो. गुणाकार जिथल्या तिथे. मिळकत वाढत नाही, गळती थांबते. समजा पस्तीस वॅटांचा दिवा घेतला, तर त्याला सहा व्होल्टांवर सहा अँपिअरच्या जवळ प्रवाह लागतो, बाराला तीन. आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती चौथ्या हिश्शावर येते.

म्हणूनच साठ आणि पंचावन्न वॅटांचा तो प्रसिद्ध एच-फोर हॅलोजन बल्ब, जो मोटारगाड्यांत सर्रास असतो आणि जो घेऊन भाऊसाहेबांचा पुतण्या दुकानात आला होता, तो मी बसवला नाही. त्या जातीच्या अल्टरनेटरची सारी कमाई साठेक वॅटांच्या घरात. त्यातला मोठा वाटा इग्निशन कॉइल घेते, थोडा मागचा दिवा व स्पीडोमीटरचा दिवा घेतात, आणि मग उरलेल्या शिलकीवर साठ वॅटांचा मानकरी पोसायचा म्हणजे बॅटरीतून कर्ज काढणे आले. अँपमीटरचा काटा डावीकडे कलंडतो, बॅटरी उतरत जाते, आणि कॉइलवर चालणारी गाडी एखाद्या रात्री दिव्यासकट बंद पडते. कार्बाइडच्या कंदिलाचे दिवस आठवणारे वडीलधारे आमच्या धंद्यात मी पाहिले आहेत. पाण्याचा थेंब कार्बाइडवर पडून निघालेल्या ॲसिटिलीनवर तो कंदील जळे, आणि इंजिन मंद चालो की जलद, त्याला त्याचे सोयरसुतक नसे. वीज आली तेव्हापासून दिव्याचे नशीब इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधले गेले, आणि घाटाच्या चढणीवर गाडी हळू झाली की उजेडही हळू होणे हा त्या बांधिलकीचा भाग आहे. बल्ब निवडताना ज्याने हे ध्यानात घेतले नाही, त्याने गाडी उभ्याने पाहिली, चालवून पाहिली नाही.

मी निवडला तो मोटारसायकलींकरिता असलेला पस्तीस-पस्तीस वॅटांचा हॅलोजन. हॅलोजनची करामत अशी, की तंतूवरून उडालेले टंगस्टन काचेवर काजळी धरण्याऐवजी आतल्या वायूच्या साहाय्याने पुन्हा तंतूकडे परतते. त्यामुळे तंतू अधिक तापवता येतो आणि काचही स्वच्छ राहते, मात्र त्या काचेला उघड्या बोटांचा तेलकट स्पर्श झाला तर ती तिथेच तडकण्याचा धोका असतो. त्याच्याबरोबर नवा रिफ्लेक्टर आला, कारण जुन्याचा मुलामा करडा पडला होता. पण सात इंचांचाच, आणि रेघा असलेल्या काचेचा, जेणेकरून केसिंगमध्ये तो बसल्यावर चेहरा तोच राहावा. बॅटरी, इग्निशन कॉइल, हॉर्न, टायगर लॅम्पपासून ब्रेकलाइटपर्यंत साऱ्या बल्बांची बदली, आणि दाब मर्यादेत ठेवणारे रेग्युलेटर-रेक्टिफायर, हे सारे ओघाने आलेच. त्याचा तपशील कंटाळवाणा आहे.

पुतण्याचा दुसरा आग्रह एलईडीचा होता, आणि तो अगदीच अडाणी नव्हता. दहा-पंधरा वॅटांत भरपूर उजेड ही जुन्या अल्टरनेटरसाठी खरोखर मोठी सवलत आहे, आणि ज्या दिव्याचा रिफ्लेक्टर व भिंग एलईडीसाठीच घडवले आहेत अशा संपूर्ण दिव्याविषयी माझी तक्रारही नाही. परंतु तंतूच्या बल्बसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारी एलईडी बल्ब खुपसला, की प्रकाश ज्या बिंदूतून निघावा असे रिफ्लेक्टरच्या वक्रतेने गृहीत धरलेले असते त्या बिंदूतून तो निघत नाही. डीपरचा उजेड जिथे कापला जायला हवा तिथे न कापला जाता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आजकाल रात्री कोल्हापूरच्या बाहेर पडून पाहावे, अर्धा रस्ता आंधळा करणाऱ्या या पांढऱ्या ज्वाळा कुठून आल्या ते समजेल. शिवाय गगनबावड्याला पावसाळ्यात धुके असे उतरते, की निळसर पांढरा उजेड त्या धुक्यावर आपटून स्वाराच्याच तोंडावर परत येतो. फ्रान्समध्ये 1936 पासून 1993 पर्यंत मोटारींना पिवळे दिवे सक्तीचे होते; पिवळ्याने धुके खरोखर भेदले जाते की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद असले, तरी तो उजेड डोळ्यांना कमी बोचतो याची प्रचीती मला आमच्या घाटात आलेली आहे.

शेवटचे काम फोकसचे. ते काम माझ्या मते साऱ्या वॅटांहून महत्त्वाचे असते, आणि सर्वांत कमी वेळा केले जाते. दुकानामागच्या गोदामाच्या भिंतीपासून दहा मीटरांवर गाडी उभी केली, टायरांत हवा मापाने भरली, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली, आणि डीपरची वरची कड त्या रेघेखाली दहा सेंटिमीटर येईल असा रिफ्लेक्टर झुकवला. कड डावीकडे किंचित चढते याचीही खात्री केली, कारण आपण डावीकडून चालतो आणि उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी घडवलेली काच असली तर ती नेमकी समोरच्याच्या बाजूला चढते. गाडीवर भाऊसाहेबांना बसवले होते. ते बसल्या बसल्या म्हणाले, "मिस्त्री, मागं खताचं पोतं असतंय की." हा मुद्दा पुस्तकात नसतो. मागे भार पडला की गाडीचे ढुंगण बसते आणि नाक वर होते, आणि कष्टाने साधलेली कड समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांवर जाते. मग शेजारच्या दुकानातून एक पोते उचलून आणून सीटवर ठेवले आणि पुन्हा मापे घेतली. रिकाम्या गाडीला उजेड थोडा जवळ पडतो आणि भरलेल्या गाडीला योग्य जागी, अशा तडजोडीवर आम्ही दोघांनी संमती दिली.

काढलेल्या जुन्या वस्तू त्यांनी मागून घेतल्या: सहा व्होल्टांची कॉइल, हॉर्न, करडा रिफ्लेक्टर, मूळ बल्ब. त्यांची यादी त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात केली, खाली तारीख घातली आणि माझी सही घेतली. उद्या मुलाला गाडी मूळ स्थितीत न्यायची झाली तर कागद हवा, असे त्यांचे म्हणणे. बिलातली एकही बाब त्यांनी घासाघिशीला घेतली नाही, फक्त रिले कशाला लागला ते पुन्हा एकदा समजावून घेतले.

निघताना मी त्यांना त्यांच्या घरच्या ट्रॅक्टरविषयी विचारले, कारण त्यांचा धाकटा भाऊ हंगामात ऊस वाहतो हे मला ठाऊक होते. ट्रॉलीला मागे दोन दिवे, दांडीवरून नेलेली जाड तार आणि काढता-घालता येणारा प्लग, असा खर्चाचा अंदाजही सांगितला. बुलेटच्या बिलाच्या चौथ्या हिश्शातही तो बसत नव्हता. भाऊसाहेबांनी किक मारली, अँपमीटरचा काटा पाहिला, आणि म्हणाले, "हंगाम तर संपू दे, मग बघू."